काका, नमस्कार करा बघू

[दृश्य: दोन हात, अगदी जवळून]

हात जोडलेत, पण तळवे जुळलेले नाहीत. बोटांची टोकं तेवढी टेकलीत. मधल्या फटीतून पलीकडची खिडकी दिसतेय.

हे काका भुलीच्या फिटनेससाठी आलेत. पित्ताशयाचं ऑपरेशन आहे आणि शुगर 20 वर्षांची. त्यांनी रिपोर्टची जाडजूड फाइल पुढे केली, तर भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "फाइल बघते, आधी नमस्कार करा." काकांनी तो मॅडमनाच केला, तोही हसत.

रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती कोलॅजेनला चिकटते. सांध्यांना आणि त्वचेला बांधून ठेवणारं हे प्रथिन. त्याचे धागे मग एकमेकांत गुंततात आणि ताठरतात. बोटांमध्ये ते दिसतं. पण डोकं मानेच्या पहिल्या मणक्यावर जिथे टेकतं, तो सांधाही असाच आखडलेला असू शकतो. मॅडमना घोर आहे तो त्याचा.

[दृश्य: ओटी, लॅरिंगोस्कोपचा म्हणजे घशात बघायच्या उपकरणाचा दिवा]

पूर्ण भूल देताना स्नायू सैल पडतात, श्वास थांबतो. श्वासनलिकेत नळी घालायला हाताशी मोजकी मिनिटं. डोकं मागे झुकलं तर स्वरयंत्र नजरेच्या टप्प्यात येतं. नाही झुकलं, तर नळी चाचपडत घालावी लागते. मधुमेहींमधली ही अडचण 1980 च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहे. पुढे तळहाताला शाई लावून कागदावर ठसा घ्यायची चाचणीही आली. आपल्याकडे नमस्कारात भागतं! अर्थात तळवे जुळले म्हणजे नळी सहज जाईल असं नाही; तोंड किती उघडतं, गळा किती जाड, हेही बघावं लागतं.

दुसरी भानगड पोटाची. जुन्या मधुमेहात जठराच्या नसा मंदावतात. हलकं खाऊन 6 तास झाले की एरवी चालतं. इथे तेवढ्या वेळानंतरही पोटात अन्न असू शकतं. भुलीत ते वर आलं आणि फुफ्फुसात गेलं, तर जिवावर बेततं. शंका आली की पोटाची सोनोग्राफी करतात. वजन कमी करायचं, आठवड्यातून एकदाचं इंजेक्शन घेत असाल, तर तेही सांगा. त्यानेही पोट उशिरा रिकामं होतं.

[दृश्य: तपासणीची खोली]

"आता छताकडे बघा."

काकांचे डोळे छताला लागले. हनुवटी जेमतेम उचलली.

मॅडमनी फाइलवर लाल पेनने लिहिलं: व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (कॅमेरावाला) टेबलाशी हवा. मदतीला दुसरे भूलतज्ज्ञ. केस सकाळी पहिली.