पिंपात मुरलेले पान : सेंट जेम्सचे पेरिक आणि दाबाच्या तंबाखूची चव

या माहितीपटात समोर दिसणारी ही लाकडी पिंपे मुळात व्हिस्की मुरवण्यासाठी बनवलेली आहेत. आता त्यांच्या तोंडावर ओकच्या लाकडाचे जाड ठोकळे बसवलेले आहेत, ठोकळ्यांवर लोखंडी स्क्रू-जॅक उभे आहेत आणि जॅकची वरची टोके कोठाराच्या भक्कम लाकडी चौकटीला टेकलेली आहेत. दांडा फिरवला की ठोकळा किंचित खाली सरकतो आणि पिंपाच्या कडेने गडद तपकिरी रस वर चढतो. या पिंपांत तंबाखूची पाने आहेत, आणि ती वर्षभर अशीच दाबाखाली राहणार आहेत.

हे कोठार अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, सेंट जेम्स नावाच्या परगण्यात आहे. न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज या दोन शहरांच्या मधोमध येणाऱ्या या भागात नदीने शतकानुशतके गाळ आणून टाकला. त्या गाळाच्या थोड्या उंचवट्यावर, ग्रांद प्वाँत या वस्तीच्या परिसरात, पेरिक नावाचा तंबाखू पिकतो. जगभरातील पाईप ओढणारे ज्याला पाईपच्या तंबाखूतील सर्वांत दुर्मीळ घटक मानतात, त्याचे मूळ शिवार एवढेच आहे. भोवताली नजर जाईल तिथवर उसाचे फड आहेत आणि त्यांच्यापलीकडे रासायनिक कारखान्यांची धुराडी आहेत.

पाने दाबून मुरवण्याची ही रीत युरोपीय लोकांनी इथे आणलेली नाही. चॉक्टॉ आणि चिकसॉ या इथल्या मूळ रहिवाशांच्या जमाती तंबाखूची पाने पोखरलेल्या ओंडक्यात ठासून भरत आणि लांब दांड्याला दगडांचे वजन लावून त्यांच्यावर दाब देत, अशी परंपरागत माहिती आहे. 1755 पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडाच्या किनाऱ्यावरील फ्रेंचभाषक अकेडियन लोकांना घरादारांतून हुसकावून लावले आणि त्यांच्यापैकी काही कुटुंबे पुढच्या दशकात मिसिसिपीच्या या काठावर येऊन वसली. याच फ्रेंचभाषक वस्तीतील पिएर शने या शेतकऱ्याने 1824 च्या सुमारास मूळ रहिवाशांची ही पद्धत आत्मसात करून तिला व्यापारी रूप दिले, असे सांगितले जाते. इतिहासात शनेचे नाव राहिले. ज्यांच्याकडून तो शिकला त्यांची नावे कुणी टिपून ठेवली नाहीत, म्हणून इथे त्यांच्या जमातींचा उल्लेख आम्ही आधी केला आहे.

आता शेताकडे वळू. हिवाळ्यात वाफ्यांत झाकून वाढवलेली रोपे वसंत ऋतूत शेतात लावली जातात. झाड कमरेच्या आसपास पोहोचले की त्याचा शेंडा हाताने खुडला जातो आणि साधारण बारा पाने राखली जातात. शेंडा गेल्यावर पानांच्या बगलेतून नवे फुटवे येऊ लागतात आणि तेही एकेक करून हातानेच काढावे लागतात. ते राहिले तर झाडाचा कस फुटव्यांत जातो आणि राखलेले पान पातळ पडते. जूनच्या अखेरीस संपूर्ण झाड बुंध्याशी कापले जाते, खोडात खिळा ठोकला जातो आणि झाडे उघड्या बाजूंच्या कोठारात उलटी टांगली जातात. चित्रात छतापासून खाली उतरत आलेल्या या रांगा त्याच आहेत. पान पूर्ण वाळू द्यायचे नसते. हिरवेपणा ओसरला आणि पान तपकिरी होऊनही मऊ राहिले, की त्याला खाली उतरवतात.

यापुढचे काम यंत्राने होत नाही. पाने झटकून त्यांच्यावर पाणी शिंपडले जाते, मधली जाड शीर ओढून काढली जाते, आणि उरलेली पाने एकावर एक ठेवून त्यांची साधारण अर्ध्या किलोची जुडी वळली जाते. जुडी सैल झाली तर तिच्यात हवा अडकते, फार आवळली तर रस सारखा पसरत नाही. या बाईंचे हात पाहिले की अंदाज कशाला म्हणतात ते कळते. प्रत्येक जुडी पिंपात आधीच्या जुडीला भिडवून रचली जाते, तिच्यावर ठोकळे येतात, ठोकळ्यांवर जॅक येतो. पुढचे काही क्षण निवेदन थांबवून जॅकचा आवाज ऐकू देत आहोत.

दाबाखाली नेमके काय घडते, ते समजून घेतले पाहिजे, कारण चवीचे सगळे मूळ तिथे आहे. दाबाने पानातील पेशी फुटतात आणि त्यांच्यातील रस बाहेर येऊन सगळ्या जुड्यांना बुडवून टाकतो. रसाखाली हवा जवळजवळ पोहोचत नाही. अशा वातावरणात जिवाणू आणि यीस्ट कामाला लागतात, पानातील साखर आणि इतर द्रव्ये खाऊन आम्ले आणि सुगंधी पदार्थ तयार करतात, आणि पानाचा रंग काळपट होत जातो. वर्षभरात ठरावीक अंतराने दाब काढला जातो, जुड्या बाहेर घेऊन मोकळ्या केल्या जातात, त्यांना थोडी हवा लागू दिली जाते, आणि पुन्हा पिंपात रचून जॅक आवळला जातो. आपल्याकडे बरणीतील लोणच्यावर दडपण ठेवून, फोडी खारात बुडलेल्या राहतील याची काळजी घेतात, तीच ही युक्ती आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा नुसता कालापव्यय वाटेल. प्रत्यक्षात कच्च्या पानाचा उग्र दर्प याच काळात विरतो आणि फळाचा वास याच काळात तयार होतो.

वर्षानंतर पिंपातून निघालेले पेरिक जवळजवळ काळे, ओलसर आणि चिकट असते. त्याला काळ्या मनुका आणि सुक्या अंजिरांचा वास येतो, त्याच्या मागोमाग शिरक्याची आंबट झाक येते आणि सर्वांत शेवटी पावसानंतरच्या भूछत्रांसारखा मातीचा गंध येतो. या वासासाठी त्यात बाहेरून काहीही घातलेले नाही. पान, पाणी, लाकूड, दाब आणि काळ यांखेरीज या पिंपात सहावा घटक नाही, आणि ही गोष्ट ठामपणे सांगण्यासाठीच हा माहितीपट आम्ही केला आहे.

नुसते पेरिक मात्र सहसा कुणी ओढत नाही, कारण ते फार तीव्र असते. त्याचे खरे काम मिश्रणात दिसते, आणि तिथे त्याचा जोडीदार म्हणजे व्हर्जिनिया तंबाखू. या पिवळ्याधमक पानाचीही एक कथा आहे. 1839 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील कॅसवेल काउंटीत, अबायशा स्लेड या शेतमालकाच्या कोठारात, स्टीफन नावाचा गुलामगिरीत राबणारा तरुण रात्री पाने सुकवण्याची आग राखत होता. त्याला झोप लागली. जाग आली तेव्हा आग विझत आलेली पाहून त्याने लोहाराच्या भट्टीतील कोळसा आणून आगीवर टाकला. त्या एकाएकी वाढलेल्या कोरड्या उष्णतेने पाने लखलखीत पिवळी झाली. पुढे याच पद्धतीत सुधारणा होऊन नळ्यांतून उष्णता खेळवत पान सुकवण्याचे तंत्र रूढ झाले. या पद्धतीत पानातील साखर टिकून राहते, आणि व्हर्जिनियाचा गोडवा त्या साखरेचा असतो.

साखरेचा त्रासही आहे. भरभर झुरके घेतले तर व्हर्जिनियाचा धूर तापतो आणि जीभ पोळते. पेरिकच्या सोबतीने हा चटका निवतो, असा पाईप ओढणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. व्हर्जिनिया गोडवा आणि उजळपणा देते, पेरिक खोली, आंबटपणा आणि मिरीसारखा तिखटपणा देते. मिश्रणात पेरिकचा वाटा सहसा पाचव्या हिश्श्याहूनही कमी असतो, तरी संपूर्ण मिश्रणाची ओळख त्याच्यावरून ठरते.

ही दोन पाने एकत्र करून पुन्हा दाबली जातात. व्हर्जिनियाच्या पानांच्या थरांत पेरिक पसरून त्यांची वडी दाबली आणि तिचे पातळ काप केले, की त्याला फ्लेक म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पानांचा दोर वळून, तो दाबून, त्याच्या चकत्या कापल्या जातात. एकेकाळी लिव्हरपूलच्या कोप ब्रदर्स या कंपनीचा असलेला आणि आता डेन्मार्कमध्ये तयार होणारा एस्कुडो हा त्या दुसऱ्या प्रकारचा नामांकित नमुना आहे. टेबलावरच्या या गोल डब्यातील चकत्या त्याच्याच आहेत. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी काळसर वर्तुळ आहे आणि त्याच्याभोवती तांबूस व सोनेरी कडी आहेत.

डबा उघडल्याबरोबर जो वास येतो त्यावरून घाईने मत बनवू नये. पहिला भपका आंबट असतो, तो थोड्या वेळाने उडून जातो आणि खाली वाळलेल्या गवताचा, ताज्या पावाचा आणि मनुकांचा वास उरतो. दाबाचा तंबाखू डब्यातून बहुधा ओलसरच निघतो. चकत्या कागदावर पसरून काही वेळ वाऱ्याला ठेवल्या तर पुढचे सगळे सुकर होते. ओला तंबाखू सारखा विझतो, वाफ धरतो आणि जीभ पोळवतो.

पाईप भरण्याच्या दोन रीती या दृश्यात शेजारीशेजारी दिसतात. पहिल्या रीतीत चकत्या न मोडता घडी घालून पाईपच्या वाटीत सरकवल्या जातात. असा तंबाखू पेटायला वेळ घेतो, पण अतिशय संथ आणि गार जळतो. दुसऱ्या रीतीत चकती तळहातावर चोळून तिचे धागे मोकळे केले जातात. मग पेटवणे सोपे होते, धूर अधिक मिळतो, पण तो लवकर तापतो आणि चवीचे बारकावे एकमेकांत मिसळून जातात. आमचे मत पहिल्या रीतीच्या बाजूचे आहे. दाबाने जे थर जमवले, ते पेटण्याआधीच विस्कटून टाकणे म्हणजे वर्षभराच्या कामावर पाणी सोडणे होय.

काडी दोनदा लावावी लागते. पहिल्या वेळी वरचा थर फुगून वर येतो, तो दाबणीने, म्हणजे तंबाखू दाबण्याच्या लहान साधनाने, हलकेच खाली बसवायचा आणि मग दुसरी काडी लावायची. सुरुवातीचा धूर हलका असतो आणि त्यात लिंबाच्या सालीसारखी ताजी आंबट-गोड चव असते. वाटीच्या मध्यावर विस्तव पोहोचला की पेरिक बोलू लागते. अंजीर आणि आलुबुखार यांच्या जवळ जाणारी गडद गोडी येते, आणि धूर तोंडात घोळवून नाकावाटे सोडला तर मिरीची झणझण स्पष्ट जाणवते. तळाशी जाताना गोडी मागे पडते, मातीचा आणि भाजलेल्या धान्याचा स्वाद पुढे येतो, आणि निकोटीनचा जोरही वाढतो. रिकाम्या पोटी तो चक्कर आणू शकतो. चांगल्या दाबलेल्या मिश्रणाची खूण अशी की या तीन टप्प्यांत कुठेही तुटकपणा येत नाही आणि अखेरीस बारीक, कोरडी, फिकट राख उरते.

बाजारात व्हॅनिला, चेरी किंवा रमचा अर्क मारलेला पाईप-तंबाखू मुबलक मिळतो आणि त्याचा वास शेजारी बसलेल्यांनाही आवडतो. तो वास बहुतेक डब्यापुरता आणि खोलीपुरता असतो, ओढणाऱ्याच्या जिभेवर त्यातले थोडेच उतरते. पेरिकच्या मिश्रणात क्रम उलटा आहे. खोलीत दरवळणारा वास साधा असतो आणि सगळी श्रीमंती चवीत असते.

तंबाखूच्या प्रत्येक धुराप्रमाणे हा धूरही तोंडाच्या, घशाच्या आणि फुप्फुसांच्या कर्करोगाला व हृदयविकाराला कारण होतो, आणि धूर छातीत न ओढल्याने हा धोका टळत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हे पीक जवळजवळ संपले होते. पाईप ओढणारे कमी झाले, उसाला हमखास गिऱ्हाईक मिळू लागले, कारखान्यांत पगाराची नोकरी मिळू लागली, आणि पेरिकखालचे क्षेत्र काही एकरांवर आले. त्या वर्षांत जी मोजकी कुटुंबे पिंपे उलटीपालटी करत राहिली, त्यांच्यामुळेच हे तंत्र हातांमध्ये जिवंत राहिले. पुस्तकात वाचून जॅक किती आवळायचा ते कळत नाही. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात या पानाला पुन्हा मागणी आली आणि काही शेतकरी या पिकाकडे परतले.

मिश्रण करणाऱ्यांनी या पिकाला अधिक दर द्यावा, असे आम्हाला वाटते. ज्या घटकावर संपूर्ण मिश्रणाची ओळख उभी आहे, त्याचे मोल केवळ वजनाने करणे न्यायाचे नाही. शेंडे खुडणे, फुटवे काढणे, शिरा ओढणे, जुड्या वळणे आणि वर्षातून अनेकदा त्या मोकळ्या करून पुन्हा रचणे, ही सगळी मजुरी त्या काळ्या पानात धरलेली आहे. डब्यावरच्या लेबलवर मिश्रण करणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते. सेंट जेम्सचे नाव तिथे असलेच तर बारीक अक्षरांत असते, आणि पान पिकवणाऱ्या शेताचा उल्लेख सहसा नसतोच.

डबा हवाबंद राहिला तर आतले मुरणे थांबत नाही. व्हर्जिनियातील साखर आणि आम्ले डब्यात उरलेल्या थोड्याशा हवेत वर्षानुवर्षे हळूहळू बदलत राहतात, पान गडद होते आणि कधी कधी त्याच्यावर बारीक स्फटिक दिसू लागतात. पुष्कळ जण त्याला बुरशी समजून डबा फेकून देतात. बुरशी लोकरीसारखी तंतुमय असते आणि तिला कुबट वास येतो, स्फटिक मात्र उजेडात धरले की चमकतात. म्हणून जाणकार डबा विकत घेताना त्याच्यावर तारीख लिहून ठेवतात आणि एकाच मिश्रणाचा ताजा व पाच वर्षे ठेवलेला डबा शेजारीशेजारी उघडून ओढून पाहतात. ताज्या डब्यात पेरिकची मिरी आणि व्हर्जिनियाची गोडी वेगवेगळ्या ओळखू येतात, जुन्या डब्यात त्या एकमेकींत मुरलेल्या असतात.