सिग्नल भरपूर, तरी आवाज तुटका

(दृश्य : रेडिओ स्कॅनरचा पडदा, जवळून)

सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरल्या आहेत, तरी अग्निशमन दलाचा संदेश दोन शब्दांनंतर घोगरा होऊन तुटतो. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत पी-२५ ट्रंकिंग (पोलीस, अग्निशमन अशा दलांची डिजिटल रेडिओ यंत्रणा) स्कॅनरवर ऐकणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. हे एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश मुद्दाम सांकेतिक करणं, नव्हे. एन्क्रिप्टेड टॉकग्रुप (आपसात बोलणाऱ्यांचा गट) कुठल्याच स्कॅनरवर ऐकू येत नाही, तुटकसुद्धा नाही.

ट्रंकिंगमध्ये कुठल्याही दलाला कायमचा चॅनेल नसतो. सगळ्यांचे चॅनेल सामाईक. कोणी बोलायचं बटण दाबलं, की त्याच्या टॉकग्रुपला कुठला चॅनेल दिला ते कंट्रोल चॅनेल जाहीर करतो आणि स्कॅनर तिकडे वळतो. म्हणून पी-२५ साठी मुख्य आणि पर्यायी कंट्रोल चॅनेल व टॉकग्रुपचे आकडे भरले, की बहुधा भागतं.

आता खरी अडचण : सायमलकास्ट. अनेक मनोरे एकाच वारंवारतेवर, एकाच क्षणी तोच संदेश पाठवतात. पी-२५ च्या पहिल्या टप्प्यात (फेज-१ प्रकारात) सेकंदाला ४८०० चिन्हं, म्हणजे डिजिटल संदेशाचे छोटे तुकडे, जातात. एका चिन्हाला २०८ मायक्रोसेकंद. तेवढ्यात रेडिओलहर सुमारे ६२ किलोमीटर जाते. दोन मनोऱ्यांच्या अंतरात दहा-पंधरा किलोमीटरचा फरक असला, तरी चिन्हं एकमेकांवर चढतात. दांड्या फक्त ताकद मोजतात, हा गोंधळ त्यांना दिसत नाही. त्यामुळे मोठा अँटेना लावून उलट बिघडतं : आणखी मनोरे आत येतात.

(दृश्य : खिडकीजवळ अँटेना हळूहळू सरकतो)

आधी फुकटचा उपाय. ८५१ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी ३५ सेंटिमीटर, म्हणून अँटेना वीतभर सरकवला तरी फरक पडतो. कंट्रोल चॅनेलवर थांबा, डिकोडिंगमधल्या चुकांचा आकडा पाहत सरकवा, आणि तो सर्वांत कमी होईल तिथेच अँटेना ठेवा. ॲटेन्युएटरही (सिग्नल मुद्दाम कमी करणारी सोय) लावून पाहा. एवढ्याने भागलं नाही, तर यागी अँटेना (एकाच दिशेने जास्त पकडणारा) एकाच मनोऱ्याकडे रोखा. तो सर्वांत जवळचाच हवा असं नाही.

युनिडेन कंपनीचा एसडीएस-१०० स्कॅनर २०१८ मध्ये आला तो याच दुखण्यावर. घरबसल्या ऐकायचं असेल, तर आरटीएल-एसडीआर (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ डोंगल) आणि एसडीआरट्रंक (त्यासोबतचं सॉफ्टवेअर) ही स्वस्त वाट आहे. सॉफ्टवेअरमध्ये चॅनेलच्या सेटिंगमध्ये सी-४-एफएम या नेहमीच्या पर्यायाऐवजी सायमलकास्टसाठीचा एलएसएम निवडायला विसरू नका. एक डोंगल सुमारे २.४ मेगाहर्ट्‌झचाच पट्टा पाहतो. कंट्रोल चॅनेल ८५१ वर आणि व्हॉइस (बोलण्याचा) चॅनेल ८५८ वर असेल, तर दुसरा डोंगल लागेलच.