कोकणच्या वाटेवर स्टिरिओची पारख

सीडी आणि डिजिटल फाइली दोन्ही वाजवणारा मोटारीचा स्टिरिओ दुकानात ऐकवला जातो तो गाडी उभी असताना, कोरड्या आणि शांत जागेत. कोकणात मात्र त्याला काम करायचे असते ते कशेडी आणि परशुराम घाटांच्या वळणांवर, खड्डे पडलेल्या गावरस्त्यांवर आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या दमट हवेत. म्हणून त्याची परीक्षा इथल्याच रस्त्यावर आणि इथल्याच संगीतावर घ्यायला हवी.

इथल्या घराघरांत जपलेल्या सीडी बऱ्याचदा बाजारातल्या नसतात. गावच्या दशावताराचा प्रयोग, नमन किंवा डबलबारी भजन कोणीतरी रेकॉर्ड करून, संगणकावर बर्न करून आप्तेष्टांत वाटलेले असते. अशा सीडीतला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने हळूहळू खराब होतो, त्यामुळे छापील सीडी सहज वाचणारे यंत्रही तिच्यापाशी अडखळू शकते. खरेदीला जाताना आपल्याकडची सर्वांत जुनी सीडी सोबत न्यावी आणि तिचे शेवटचे गाणे लावून पाहावे. ते गाणे कडेला असते आणि ओरखडे, बोटांचे ठसे तिथेच अधिक पडतात.

खड्ड्यांतली चाचणी नेहमीच्या ऑडिओ सीडीनेच करावी, एमपीथ्री भरलेल्या सीडीने नव्हे. ऑडिओ सीडीतून सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती वाहते, तर १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीला तिचा अकरावा हिस्सा पुरतो. लेसर हादऱ्याने भरकटला, तरी स्टिरिओच्या स्मृतीत साठलेली तेवढीच माहिती एमपीथ्रीला कितीतरी अधिक वेळ तारून नेते, आणि विक्रेत्याने दाखवलेली स्थिरता फसवी ठरते.

खोक्यावर ठळक छापलेल्या ‘४ × ५० वॅट’ या आकड्याकडे आम्ही सर्वांत कमी लक्ष दिले. इंजिन चालू असताना गाडीतून साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, आणि एवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला स्टिरिओच्या आतला नेहमीचा अँप्लिफायर, आवाज न फाटता, सिद्धान्तानेही २६ वॅटपेक्षा अधिक देऊ शकत नाही. प्रत्यक्षात हा आकडा वीसच्या आसपास असतो. माहितीपत्रकात तो ‘आरएमएस’, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, या नावाखाली शोधावा. कानाने पडताळायचे असेल, तर दशावतारातला पखवाज आणि झांज यांच्याइतकी चोख कसोटी दुसरी नाही. आवाज वाढवत नेताना पखवाजाची थाप पसरट झाली, तर अँप्लिफायर किंवा स्पीकर थकला आहे. झांजेचा नाद हळू आवाजातही पाणचट लागत असेल, तर दोष बहुधा अतिसंकुचित फाइलीचा असतो. तीच नोंद १९२ किंवा ३२० किलोबिटमध्ये लावून पाहिली की उलगडा होतो.

पेनड्राइव्हच्या बाबतीत एक तक्रार मनापासून नोंदवावीशी वाटते. अनेक स्टिरिओंना देवनागरी अक्षरे दाखवताच येत नाहीत आणि गाण्याच्या नावाच्या जागी चौकोन उमटतात. मराठी श्रोत्याला विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही उणीव गंभीर मानली पाहिजे, कारण घाटात गाडी चालवणाऱ्याला गाणे नजरेच्या एका क्षणात ओळखता आले पाहिजे. ब्लूटूथ आता सर्रास असते आणि त्यात फारसा फरक जाणवत नाही.

रेडिओ ऐकणाऱ्यांनी, विशेषतः परदेशातून आणलेला संच घेणार असतील तर, त्याची प्रदेशनिवड तपासावी. भारतात मध्यम लहरींवरची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या टप्प्यांवर बसवलेली आहेत. अमेरिकी रचनेचा संच १० च्या टप्प्याने सरकतो आणि मुंबई आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीची ५५८ ही जागा त्याला नेमकी गाठताच येत नाही.

चांगला संचही वाईट जोडणीने वाया जातो. पिवळी वायर सतत बॅटरीला आणि लाल वायर किल्लीवर चालणाऱ्या पुरवठ्याला जोडलेली असावी. यांची अदलाबदल झाली, की किल्ली बंद करताच घड्याळ आणि साठवलेली केंद्रे पुसली जातात. वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळण्याची पद्धत किनाऱ्यावर टिकत नाही, कारण खारी हवा तांब्यावर हिरवा थर चढवते आणि आवाज अधूनमधून तुटू लागतो. मालवण, आचरा किंवा वेंगुर्ल्याकडे राहणाऱ्यांनी सोल्डर केलेले आणि उष्णतेने आवळणाऱ्या नळीने झाकलेले जोडच कारागिराकडून मागून घ्यावेत.