नवं इंजिन, जुनी व्हॅन

[जुन्या व्हॅनचा डॅशबोर्ड. चावी फिरते, दिवे मंदावतात, खालून एकच 'टक्'.]

जुन्या व्हॅनमध्ये दुसऱ्या गाडीतून काढलेलं इंजिन बसलं. बोल्ट आवळून झाले, ऑइल भरलं, कूलंट भरलं. सेल्फ मारला, तर एवढाच आवाज. अशा वेळी भोवती उभ्या असलेल्यांचं मत ठरलेलं असतं: इंजिनच भंगार मिळालं! ते मत जरा बाजूला ठेवू. कालपर्यंत दुसऱ्या गाडीत नीट चालणारं इंजिन उचलून ठेवल्याने सहसा बिघडत नाही. नवे असतात ते सांधे, म्हणजे वायरी, नळ्या, केबली, माउंटिंग. म्हणून इंजिनाचं हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, उघडण्याआधी सांधे तपासायचे. त्यात पहिला नंबर अर्थच्या पट्टीचा.

[तांब्याच्या तारांची चपटी वेणी, एका टोकाला गंजलेला बोल्ट.]

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं आणि रबरातून करंट जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. इंजिनातून करंट परत यायला ही पट्टी लागते. जुनं इंजिन काढताना ती सुटते, मागे कुठेतरी लोंबत राहते किंवा रंगावरच आवळली जाते. स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर लागतात. पट्टी नसेल तर तो करंट मिळेल ती वाट धरतो, एक्सलरेटरची केबल, क्लचची केबल, काहीही. सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागली, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

मल्टिमीटर लावताना मात्र बरेच जण फसतात. ओहमवर ठेवून पट्टी मोजतात, आकडा शून्याच्या जवळ येतो आणि पट्टी पास होते. एका तारेवर लटकलेली पट्टीसुद्धा या परीक्षेत पास होते, कारण मीटर अगदी नाममात्र करंट सोडतो. खरी परीक्षा भार असताना. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणीतरी सेल्फ मारायचा. 0.2 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा वर गेला, तर पट्टी बदला आणि दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून काढा. त्याच दमात बॅटरीही बघून घ्यावी. स्वस्थ असताना साधारण 12.6 व्होल्ट, आणि सेल्फ चालू असताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये.

[इंजिन जोरात फिरतंय, पण पकडत नाही. कार्बोरेटरमधून फटाका.]

आता इंजिन फिरतंय, पण फटके मारतंय. प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची जुनी पद्धत असेल तर संशय टायमिंगवर, म्हणजे ठिणगीच्या वेळेवर. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे पुलीवरची खूण दोनदा जुळते. त्यातली एकच कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलेंडरमधली हवा दाबली जाते तेव्हाची. डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या खुणेवर बसवला, तर ठिणगी भलत्याच वेळी पडते. कॉइलची वायर काढा, पहिल्या सिलेंडरचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबा आणि इंजिन पान्याने हळूहळू फिरवा. हवा अंगठा ढकलेल, त्यानंतर येणारी खूण खरी.

पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र चावीला हात लावू नका. इंजेक्शनचं इंजिन काढून कार्बोरेटरचं बसवलं आणि टाकीतला जुना पंप तसाच ठेवला, तर काय होतं? कार्बोरेटरला 3 ते 5 पीएसआय (दाबाचं माप) पुरतात. इंजेक्शनचा पंप 40च्या आसपास ढकलतो. कार्बोरेटरात पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हला ते झेपत नाही आणि पेट्रोल उतू जातं.

डिझेलचं दुखणं नेमकं उलटं. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीची असते, त्यामुळे सैल क्लिप गळत नाही, हवा ओढते. खाली थेंबही दिसत नाही. पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी घाला, बुडबुडे दिसले की लाइनीने हवा धरलीय.

आणि इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल, तर ते इम्मोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं, काम असू शकतं. इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू) त्याच्या मूळ गाडीच्या चावीतली चिप शोधतोय, आणि या व्हॅनमध्ये ती यंत्रणाच नाही.

[एका व्हॅनच्या पोटाखालून पुढे जाणाऱ्या दोन लांब नळ्या.]

फोक्सवॅगनच्या पाण्यावर थंड होणाऱ्या टी३ या जुन्या व्हॅनमध्ये इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, नाकाशी. मधे गाडीभर नळ्या. हवा अडकायला याहून चांगली जागा नाही! पुढची बाजू उचलून रेडिएटरच्या माथ्यावरचा ब्लीड स्क्रू उघडायचा आणि पाण्याची अखंड धार येईपर्यंत हवा काढायची.

याच व्हॅनमध्ये बरेच जण सुबारूचं बॉक्सर इंजिन बसवतात. त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, इंजिनात पाणी शिरतं त्या तोंडाशी असतो. गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचतं ते हीटरच्या लाइनीतून. 'हीटर कशाला हवा' म्हणून ती लाइन बुजवली, तर थर्मोस्टॅटला उष्णता कळतच नाही. इंजिन तापत जातं आणि थर्मोस्टॅट मिटलेला राहतो.

डॅशबोर्डवरच्या काट्यावरही भरवसा नको. काटा आणि सेंडर, म्हणजे इंजिनावरचा तापमान मोजणारा भाग, ही जोडी असते. जुन्या काट्याला नव्या इंजिनाचा सेंडर जोडला, तर तो भलतंच सांगतो. जुना सेंडरच नव्या इंजिनात बसवावा, आटे जुळत नसतील तर अडॅप्टर लावून. तोवर इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घराकडे रोखा. थर्मोस्टॅट बहुधा 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडतो, आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो.

चार्जिंगचा दिवा चावी फिरवल्यावर लागतच नसेल तर खूश होऊ नका. जुन्या पद्धतीचा अल्टरनेटर त्या दिव्यातून येणाऱ्या करंटवर जागा होतो. बल्ब उडालेला असला तर बॅटरी गुपचूप उतरत जाते.

राहिली थरथर. स्लोवर सगळी गाडी थरथरत असेल तर माउंटिंगचे बोल्ट पिळलेल्या अवस्थेत आवळले गेलेत का बघा. इंजिन बंद करून, खाली जॅकचा आधार देऊन बोल्ट जरा सैल करा, इंजिन हाताने हलवून आपल्या जागी बसू द्या, मग पुन्हा आवळा. सायलेन्सरचा पाइप बॉडीला टेकतोय का, तेही याच वेळी बघा. इंजिन तापल्यावर पाइप लांबतो, म्हणून थंड असताना थोडी जागा सोडलेली हवी.