कॉलम एकदाच आत जाऊ द्या

जळगावात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांचं, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या फोनला उसंत नसते. जळगाव, धरणगाव, चोपडा, शिरपूर, कुठल्याही जिनाच्या फाटकावर जा, काम तेच. खेडा खरेदीचा कापूस येतो, भुईकाट्यावर वजन होतं, मीटर खुपसून ओलावा बघतात, कटती (ओलाव्यापोटी वजनात कपात) लागते आणि पट्टी (हिशेबाची पावती) फाडली जाते. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलावा धरून भाव असतो आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाहीत. खासगी जिनात कटतीचा नियम ज्याचा त्याचा असतो, आणि भर हंगामात तो बदलतो. हा नियम तुम्ही सी किंवा सी-शार्पमध्ये मुख्य प्रोग्रामच्या पोटात लिहून बसलात, तर दर बदलाला नवी एक्झी (प्रोग्रामची चालणारी फाइल) घेऊन पळावं लागतं.

यावरचा उपाय जुना आहे. मुख्य प्रोग्रामच्या आत एक छोटा इंटरप्रिटर, म्हणजे लिहिलेली ओळ वाचून तिथल्या तिथे चालवणारा प्रोग्राम, ठेवायचा आणि बदलणारे नियम त्याच्या भाषेत बाहेरच्या फाइलीत लिहायचे. या कामासाठी लुआ या भाषेचं नाव पहिलं येतं आणि ते योग्यच आहे. १९९३ साली रिओच्या कॅथलिक विद्यापीठात ती जन्मली ती दुसऱ्या प्रोग्रामच्या आत राहण्यासाठीच. ‘हे बटण दाबलं तर काय करायचं’ अशा नियमांना मी आजही लुआच सुचवीन. पण आपला नियम बटणाचा नाही. तो दिवसभरात आलेल्या सगळ्या गाड्यांच्या वजनाचा आणि ओलाव्याचा आहे, म्हणजे कॉलमचा, एकाखाली एक आकड्यांच्या यादीचा.

आतल्या इंटरप्रिटरचा खर्च कुठे होतो, ते नीट बघा. बेरीज-गुणाकार स्वस्त असतात. महाग पडतं ते इकडून तिकडे जाणं: आकडा मुख्य प्रोग्रामच्या रूपातून भाषेच्या रूपात न्यायचा, हाक मारायची, उत्तर परत आणायचं, चूक झाली का तपासायचं. हजार ओळींसाठी हजार वेळा हे केलं, तर वेळ हिशेबात जात नाही, ये-जा करण्यात जातो. जुन्या जकात नाक्यावर अख्ख्या ट्रकची एकच पावती फाडायची की प्रत्येक पोत्याची वेगळी, तसा हा फरक आहे. ॲरे भाषेत अख्खा कॉलम हीच एक वस्तू असते. ती एकदा आत गेली की एका ओळीत सगळ्या कॉलमवर काम होतं आणि फिरणारा लूप इंटरप्रिटरच्या आतल्या सी कोडमध्ये पळतो. एकेका चिन्हाचा अर्थ लावायला इंटरप्रिटरला लागणारा वेळ सगळ्या ओळींमध्ये वाटला जातो. म्हणून हिशेबाच्या नियमांसाठी आत ठेवायला मला ॲरे भाषा सर्वांत सोयीची वाटते.

गंमत म्हणजे ॲरे भाषांच्या घराण्याचा मूळ स्वभाव कुणाच्या घरात राहण्याचा नव्हता. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ च्या पुस्तकात जी लेखनपद्धती मांडली, तिची एपीएल झाली. तिला स्वतःची चिन्हं, स्वतःचा कीबोर्ड आणि स्वतःची वर्कस्पेस लागायची. बाहेरच्यांनी तिच्याकडे जायचं! मग १९८९ मध्ये आर्थर व्हिटनी यांनी सीमध्ये जेमतेम पानभराचा इंटरप्रिटर लिहिला. रॉजर हुई यांनी तो अभ्यासला आणि आयव्हर्सन यांच्यासोबत १९९० मध्ये ‘जे’ ही भाषा आणली. ती साध्या कीबोर्डवर टाइप होते. माझी उदाहरणं जेमधली आहेत. प्रत्यक्षात तिच्यात नावं रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजी लागतात, फळ्यावर मी मराठीत लिहितोय.

८ टक्क्यांच्या वर दर टक्क्याला एक टक्का कटती, हा नियम असा:

वजन*१-०.०१*०>.ओलावा-८

जेमध्ये गुणाकार आधी, बेरीज नंतर असली भानगड नाही, सगळं उजवीकडून वाचायचं. ओलाव्यातून ८ वजा. >. म्हणजे दोघांतला मोठा, त्यामुळे उत्तर शून्याखाली जात नाही. मग टक्केवारी, एकातून वजा, वजनाला गुणणं. १०० क्विंटल आणि ११ टक्के ओलावा असेल तर ९७ क्विंटल. आता मालक म्हणाले, १० च्या वर दुप्पट कापा. एक तुकडा वाढवला:

वजन*१-०.०१*(०>.ओलावा-८)+०>.ओलावा-१०

तोच कापूस आता ९६ क्विंटल. ‘वजन’ आणि ‘ओलावा’ ही गाड्यांची अख्खी यादी आहे, आणि लूप कुठेच लिहिलेला नाही.

मुनीम हे बघून म्हणतो, ‘हाई काय शे भो?’ त्याचं बरोबर आहे. ही चिन्हं त्याला वाचायला लावूच नका. नियमाशेजारी पाच-सहा नमुना गाड्यांचा तक्ता ठेवा: वजन, ओलावा आणि त्याने हाताने काढलेलं उत्तर. नियम बदलला की प्रोग्रामने हा तक्ता आधी जुळवायचा, जुळला तरच नवा नियम चालू. मुनीम चिन्हं तपासत नाही, आकडे तपासतो, आणि ते काम तो आपल्यापेक्षा चांगलं करतो.

जोडणी कशी? जेचं इंजिन एक डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामला जोडायची फाइल) आहे, लिनक्सवर एसओ फाइल. जेइनिटने इंजिन सुरू होतं, जेसेटएमने कॉलम आत जातो, जेडूला नियमाची ओळ द्यायची, जेगेटएमने उत्तर घ्यायचं, शेवटी जेफ्री. जेडूने शून्याशिवाय दुसरा आकडा परत दिला तर काहीतरी चुकलं. वजनं पाच आणि ओलावे चार असतील तर लांबी जुळत नाही म्हणून तिथेच अडतं, आणि ते बरंच आहे. नुसतं इंजिन उचललं तर सोबतचं स्टँडर्ड लायब्ररीचं सामान येत नाही, हे धरून चाला.

खरी काळजी उत्तर घेताना घ्यायची. जेगेटएम तुम्हाला आकड्यांची प्रत देत नाही, जेच्या मेमरीतला पत्ता देतो. पुढची ओळ चालवली की त्या पत्त्यावर भरवसा नाही, म्हणून लगेच स्वतःकडे उतरवून घ्या. दुसरं, उत्तराचा प्रकार दर वेळी तपासा. ‘ओलावा १२ पेक्षा जास्त का’ असं विचारलं तर उत्तर एकेका बाइटचं येतं. ते आठ बाइटचे पूर्णांक समजून वाचलंत तर पट्टीवर कचरा छापला जाईल. वजनांची बेरीजही सगळी वजनं पूर्णांक असली तर पूर्णांक येते, एकाला दशांश लागला की दशांशात.

तिसरी गोष्ट रिकाम्या दिवसाची. सरासरीचं सूत्र +/%# इतकंच आहे: बेरीज भागिले संख्या. पोळ्याला एकही गाडी आली नाही तर शून्य भागिले शून्य, आणि जेमध्ये त्याचं उत्तर शून्य येतं. चूक दाखवत नाही! सरासरी ओलावा शून्य टक्के, असा अहवाल मालकाच्या हातात जाईल. त्याच रिकाम्या यादीतला सर्वांत मोठा ओलावा विचारा, उत्तर ऋण अनंत. गणिताच्या दृष्टीने या निवडींमागे विचार आहे, पण रिकामा कॉलम आत जाण्याआधी मुख्य प्रोग्रामनेच अडवावा.

सुरक्षेचंही पाहा. नियम लिहिणारा कुणीही असेल, आणि जेमधून फाइल पुसता येते, ऑपरेटिंग सिस्टिमची आज्ञा देता येते. यासाठी जेमधल्या ९!:२५ या आज्ञेने सुरक्षा पातळी १ करायची. त्यानंतर असली कामं अडतात आणि त्या सत्रात पातळी पुन्हा शून्यावर आणता येत नाही. कधीच न संपणारा नियम मात्र यानेही थांबत नाही. इंजिन वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवा आणि वेळ संपली की ती मारा.

परवान्याकडे मुलं बघत नाहीत, म्हणून सांगतो. जेचा सोर्स २०११ पासून जीपीएल ३ या खुल्या सोर्सच्या परवान्याखाली खुला आहे. तो बंद सोर्सच्या प्रोग्रामला जोडून विकायचा असेल तर व्यावसायिक परवान्याबद्दल जे बनवणाऱ्या जेसॉफ्टवेअर कंपनीशी बोलावं लागतं.

एकाने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: नमपाय असताना हे कशाला? नमपाय ही पायथनची ॲरे लायब्ररी, तिचा विचारही याच घराण्यातला आहे, आणि तुमच्या टीमला पायथन येत असेल तर खुशाल तेच घ्या. माझी अडचण ग्राहकाच्या खोलीत आहे. काट्याजवळचा जुना पीसी, त्यावर धूळ, नेट कधी असतं कधी नसतं. तिथे पायथन, नमपाय आणि त्यांच्या जुळणाऱ्या आवृत्त्या सांभाळण्यापेक्षा काही एमबीची एक डीएलएल एक्झीशेजारी ठेवणं मला परवडतं.