वाढीव घरपट्टीचा पैसा नेमका जातो कुठं? साताऱ्याच्या हद्दवाढीचा हिशेब

नमस्कार मंडळी. शाहूपुरी, विलासपूर, दरे खुर्द या पट्ट्यात कुणाच्याही दारात पाच मिनिटं उभे राहा, एक सवाल हमखास ऐकू येतो: "घरपट्टी पालिकेची झाली, सोयी कधी पालिकेच्या होणार?"

सवाल रास्त आहे. म्हणून आज फक्त पैशाचं बोलू. कुठला पक्ष, कुठला गट, ते आज बाजूला.

2020 च्या सप्टेंबरमध्ये वर्षानुवर्षं रखडलेली साताऱ्याची हद्दवाढ झाली आणि हा सगळा भाग पालिकेत आला. पुढच्याच वर्षाच्या शेवटी सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, आणि निवडणूक झाली ती थेट डिसेंबर 2025 मध्ये. म्हणजे बघा, उपनगरांनी कर भरायला सुरुवात केली त्यातली बरीच वर्षं या पैशाचं काय करायचं हे विचारायला सभागृहात नगरसेवकच नव्हता! आता आहे. तेव्हा काय विचारायचं ते तरी आपल्याला माहीत पाहिजे.

(मागणी बिल कॅमेऱ्यासमोर)

हे मागणी बिल. खालचा एकूण आकडा बघून आपण कपाळाला हात लावतो आणि घडी घालून ठेवतो. जरा वरच्या ओळी वाचा. एकत्रित मालमत्ता कर, वृक्ष कर, शिक्षण कर, दुकान असेल तर रोजगार हमी कर. यातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर पालिका फक्त गोळा करते, तो जातो राज्य सरकारला. वृक्ष कराचा पैसा झाडांसाठीच. म्हणजे तुम्ही भरलेल्या रकमेतून गल्लीतल्या गटारासाठी हाताशी उरतो तो मुख्यतः पहिल्या ओळीतला पैसा.

त्यावरही आधीच हक्क सांगितलेले असतात. पालिकेला महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग या प्रत्येकासाठी 5 टक्के बाजूला काढावे लागतात. माझ्या मते ते योग्यच आहे. फक्त ते खर्ची पडतात की मार्चअखेर नुसते शिल्लक दिसतात, हे बघायला हवं. शिवाय आपला जिल्हा फौजींचा. माजी सैनिकांना एका घरापुरती मालमत्ता कराची माफी देण्याचा निर्णय 2020 मध्येच झाला. इतर शहरांत ही लहानशी गोष्ट असेल, साताऱ्यात गल्लोगल्ली तिचे लाभार्थी आहेत.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही म्हणाल, पालिकेला तर कोटींनी निधी येतो, मग आपल्या घरपट्टीनं असा काय फरक पडतो?

फार पडतो, कारण बाहेरून येणारा पैसा बांधलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगाचंच घ्या, म्हणजे केंद्राचा पैसा कुणाला किती द्यायचा ते सुचवणारा आयोग. 2021 ते 2026 या काळात आपल्यासारख्या शहरांना जे अनुदान ठरलं, त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचे. उरलेले 40 टक्के मोकळे, पण तेही पगारावर उडवायचे नाहीत. आणि अट काय होती माहितीय? मालमत्ता कराची वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीइतकी तरी वाढली पाहिजे. घरपट्टी थकली की दिल्लीचा पैसाही अडकणार.

शहरांच्या पाणी आणि सांडपाण्यासाठीची केंद्राची अमृत 2.0 योजनाही तशीच. एक लाख ते दहा लाख वस्तीच्या शहराला केंद्र खर्चाचा एक तृतीयांश देतं. साताऱ्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत एक लाख वीस हजारांच्या घरात होती, म्हणजे आपण त्याच गटात. बाकीचं राज्यानं आणि पालिकेनं उभं करायचं. पालिकेच्या भाषेत याला 'स्वहिस्सा' म्हणतात. स्वहिस्सा नसेल तर मंजूर योजना फाइलमध्येच म्हातारी होते.

आणि अनुदान म्हणजे लग्नातला आहेर. फ्रीज मिळतो, त्याचं वीज बिल आपणच भरायचं.

वीज बिलावरून आठवलं, साताऱ्याच्या पाण्याची गंमत बघा. कास तलावाचं पाणी डोंगरावरून उतारानं येतं, निसर्गाची कृपा. पण शहापूर योजनेचं पाणी उरमोडी नदीतून पंपानं उचलावं लागतं. पंप जितके तास चालणार तितकं महावितरणचं बिल, आणि ते दर महिन्याला. उपनगरांत तर अनेक घरी पाणी राज्याच्या जीवन प्राधिकरणाचं, त्याचं बिल वेगळं. म्हणून शाहूपुरीतला माणूस पालिकेची घरपट्टी भरतो, पाण्यासाठी दुसऱ्या दारात जातो, आणि रस्त्यावर खड्डा पडला की तिसऱ्याला फोन लावतो. चिडणारच की!

मग नवा पैसा कशावर जावा? माझं मत सरळ आहे. ज्या कामाला बाहेरून अनुदान मिळू शकतं, त्याला आधी घरचा पैसा लावू नये. रस्ता करायला निधी मिळतो, गटार उपसायला सहसा मिळत नाही. दिव्याचा खांब योजनेतून येतो, विझलेला दिवा बदलायला मात्र कुणी योजना काढत नाही. घंटागाडी योजनेतून येईल, पण तिचं डिझेल, तिच्यावरचा माणूस, सोनगावच्या डेपोवर कचरा वेगळा करण्याचा रोजचा खर्च, हे घरपट्टीतूनच भागवायचं असतं. हद्दवाढीनंतर शहर पसरलं, गाडीचा फेरा लांबला. हा वाढलेला खर्च आधी धरा, स्वहिस्सा बाजूला काढा, मग उरलं तर स्वागत कमानी उभारा. कमानीखालून जाताना पाय गटारात पडू नये एवढीच अपेक्षा आहे.

हे होतंय का, ते कळतं अंदाजपत्रकात. फेब्रुवारीच्या सुमारास पालिकेचं अंदाजपत्रक येतं आणि पेपरात मथळा असतो, 'इतक्या कोटींचं, इतक्या लाखांचं शिलकी'. त्या मथळ्यात फारसं काही नसतं. एकूण आकड्यात न मिळालेली अनुदानंही धरलेली असतात. तुम्ही महसुली जमेचं पान उघडा, 'मालमत्ता कर' ही ओळ शोधा आणि तीन रकाने आडवे वाचा: गेल्या वर्षी प्रत्यक्ष आलेले, यंदाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. तिसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट असेल, तर विचारा, कशाच्या जोरावर? नव्या घरांची नोंद झाली, की थकबाकी वसूल होणार, की नुसतंच कागदावर? थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, त्यामुळे मागणीचा आकडा फुगतो, पण मागणी म्हणजे वसुली नव्हे.

मग खर्चाच्या बाजूला या. 'देखभाल दुरुस्ती' आणि 'वीज' या ओळी गेल्या वर्षीइतक्याच असतील आणि शहर मात्र मोठं झालं असेल, तर तुमच्या गल्लीतला दिवा कधी लागणार याचं उत्तर तिथंच मिळालं.

अंदाजपत्रकाची प्रत पालिकेत मागता येते, माहिती अधिकारातही मिळते. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला गाठून एवढंच विचारा: हद्दवाढ भागातून घरपट्टी किती आली आणि त्याच भागात देखभालीवर किती गेली? दोनच आकडे. लेखी मागा, तोंडी नको.

पुढच्या व्हिडिओत चतुर्थ वार्षिक आकारणी, म्हणजे दर चार वर्षांनी होणारी घरपट्टीची नवी आकारणी. तुमच्या घराचं भाडेमूल्य कसं ठरवतात, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा झालेत का हे कसं तपासायचं, आणि आकारणी चुकली असेल तर मुदतीत हरकत कशी घ्यायची, ते बघू. तोवर बिल फाडून टाकू नका, लागणार आहे.