कान मोकळे असतात म्हणून

नमस्कार मंडळी. मी पंचवटीत राहते, घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म, आणि हे काम असं की हात आणि डोळे दोन्ही अडकलेले, मोकळे काय तर फक्त कान. टीव्ही माझ्या काही कामाचा नाही, एकदा बघायला मान वळवली तर शिलाई वाकडी गेलीच म्हणून समजा. गाणी लावायचे आधी, पण आपल्या खाजगी एफएमवर स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, फार तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात, मग उरतं काय, गाणी, जाहिराती आणि मधेमधे कोणीतरी उगाच हसतंय. म्हणून मुलाने मोबाईलवर लंडनचं बीबीसी रेडिओ फोर लावून दिलं. दिवसभर नुसतं बोलणं, गाणी जवळपास नाहीतच, जाहिरात एकही नाही. १९६७ पासून हे चाललंय म्हणे! माझं इंग्रजी काही फाडफाड नाही, पहिले पंधरा दिवस निम्मं डोक्यावरून जात होतं, तरी बंद करवेना.

आता घड्याळाचा घोळ बघा. तिकडच्या उन्हाळ्यात त्यांच्यात आणि आपल्यात साडेचार तासांचा फरक असतो, मी सांगते त्या वेळा त्याच हिशेबाने, म्हणजे तिकडे सकाळी सहाला बातम्यांचा मोठा कार्यक्रम सुरू होतो तेव्हा इथे साडेदहा, माझी धुणीभांडी उरकून मी मशीनवर बसलेली. मंत्र्याला प्रश्न विचारतात आणि त्याने गोलगोल उत्तर दिलं की तोच प्रश्न पुन्हा, न चिडता, मला तर बाई फार मजा येते. मग गुरुवारी दीडला एक चर्चा असते, एक विषय आणि तीन प्राध्यापक, १९९८ पासून चाललेली, कधी एखादा जुना राजा, कधी मुंग्या, कधी काहीतरी गणितातलं. कोणी कोणावर ओरडत नाही. आपल्याला हे नवीन नाही खरं तर, गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते तिथे माणसं खाली बसून तासभर ऐकतातच की, फरक इतकाच की तिकडे ते वर्षातले बहुतेक महिने चालतं.

डॉक्युमेंटरीला आकाशवाणीवाले रूपक म्हणतात, आणि नाटकाला श्रुतिका, शब्द काय गोड आहेत बघा. रूपकांबद्दल मला एक गोष्ट कळली ती सांगतेच. इंग्लंडमध्ये १९५७ साली जॉन अ‍ॅक्सन नावाच्या इंजिन ड्रायव्हरच्या गाडीचा वाफेचा पाइप फुटला, ब्रेक गेले, गाडी उताराला लागली, त्याने सोबत्याला उडी मारायला लावली आणि स्वतः शेवटपर्यंत इंजिनावर राहिला. गेला बिचारा. पुढच्या वर्षी बीबीसीने त्याच्यावर रूपक केलं, आणि त्यात रेल्वेवाल्यांची भूमिका करायला नट आणले नाहीत, खऱ्या रेल्वेवाल्यांचे आवाज टेपवर घेतले आणि तेच वापरले, तेव्हा हे अगदी नवं होतं. मला लगेच आपला कसारा घाट आठवला. गाडी इगतपुरीपर्यंत चढवायला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावतात, ती चालवणाऱ्या माणसांकडे काय काय साठलेलं असेल! त्यांना कोणीतरी माईक समोर धरून नुसतं बोलू द्यायला हवं, मधे निवेदकाने लुडबुड न करता. हे इथे का होत नाही, याचा मला खरंच राग येतो.

संध्याकाळी साडेसहाला द आर्चर्स नावाची मालिका लागते, जेमतेम पंधरा मिनिटांची, एका काल्पनिक खेड्यातली, १ जानेवारी १९५१ पासून देशभर सुरू झाली ती आजतागायत चालूच आहे. आणि गंमत म्हणजे ती निघाली शेतकऱ्यांसाठी, युद्धानंतर तिकडे अन्नाची टंचाई होती, तर नवी शेती गोष्टीच्या पुडीत बांधून सांगायची. म्हणजे आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला डाउनी रोगावरची फवारणी सासू-सुनेच्या भांडणात घालून सांगावी तसं. त्यात शेताचं फाटक उघडल्याचा आवाज येतो ना, तो जुन्या इस्त्रीच्या टेबलाचा असतो! हे कळल्यावर मी माझं इस्त्रीचं टेबल उघडून मिटून बघितलं. नुसतं कुईं झालं, फाटक काही वाटेना, त्यांचं गंजलेलं असणार.

त्यानंतर पावणेसातला पाऊण तासाचं नाटक, तेव्हा घरात दिवा लागलेला असतो, सासूबाई येऊन बसतात. त्यांना इंग्रजी येत नाही पण आवाजावरून सांगतात, ही बाई खोटं बोलतेय बघ. आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. त्यांचे कान तयार झालेत मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ या जुन्या घरगुती मालिकेवर, त्यातले ते पंत, त्या मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, भावजींचा आवाज अजून काढून दाखवतात. त्यांच्या माहेरी रेडिओचं लायसन होतं, दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, म्हणून म्हणे ऐकणं पण मन लावून व्हायचं.

पण त्यांचा लाडका कार्यक्रम वेगळाच आहे. तिकडे रात्री पाऊणच्या सुमाराला, म्हणजे आपल्या पहाटे सव्वापाचला, जहाजांसाठी हवामान सांगतात. समुद्राचे एकतीस भाग ठरलेले, नेहमी त्याच क्रमाने, वायकिंग, मग पुढे डॉगर, फिशर, जर्मन बाइट, प्रत्येकाला वारा किती आणि दिसतं किती, बस्स, ना भाव ना वर्णन. ऑर्डरी जास्त असल्या की मी तेव्हाच उठते. पहिल्या दिवशी सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या, कसलं स्तोत्र लावलंस गं? मी समजावून सांगितलं की बाहेर समुद्रात बोटी असतात, त्यांच्यासाठी आहे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. आता रोज चहाचं आधण ठेवताना विचारतात, डॉगरला आज वारा कसाय?